पिशवी भरणाऱ्या हातांचे काय?

जून उजाडला की वृक्षारोपणाचे फोटो येऊ लागतात. खड्डा, रोप, झारी, चार पाहुणे आणि मागे बॅनर. रोपाच्या मुळाशी काळ्या प्लास्टिकची पिशवी असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. ती पिशवी काही महिने आधी कुणीतरी भरलेली असते. माती चाळून, तिच्यात शेणखत आणि वाळू कालवून, मुठीने दाबून, एकामागे एक, दिवसाला शेकड्यांनी. शहरालगतच्या खासगी नर्सऱ्यांत, सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत हे काम बहुतेक ठिकाणी बाया करतात, आणि त्यांतल्या कितीतरी आपल्या वस्त्यांतून सकाळचा डबा घेऊन निघतात.

रोपे कशी करावीत यावर माहितीपत्रके पुष्कळ निघतात. माती किती, खत किती, रोपाला मर लागू नये म्हणून काय करावे, सगळे असते. मिश्रण कालवणाऱ्या बाईच्या हातांना आणि छातीला मात्र, आमच्या पाहण्यात तरी, एखादीच ओळ मिळते, तीही "शक्यतो हातमोजे वापरावेत" अशी. हे "शक्यतो" आम्हाला मान्य नाही. आधी हात, मग रोप, असा क्रम लागला पाहिजे.

ही गोष्ट नर्सरीत जाणाऱ्या बायांपुरतीच नाही. दहा बाय दहाच्या खोलीबाहेरही आपण डबे, बादल्या, फुटके माठ मांडतो आणि त्यांत कढीपत्ता, गवती चहा, कोरफड, मोगरा, मिरची लावतो. विहाराच्या आवारात पोरे पिंपळाची रोपे करतात. फार चांगली गोष्ट आहे. पण त्यासाठी माती येते कुठून? वस्तीत काळी कसदार माती कुठे मिळणार? नाल्याकाठचा गाळ, पाडकामाचा राडारोडा, कचराकुंडीमागचा ढीग, भंगाराच्या गोदामामागची मोकळी जागा. जिथे जुन्या बॅटऱ्या फोडल्या जातात तिथल्या मातीत शिसे उतरते, आणि शिसे ना उन्हाने जाते ना धुऊन. ती माती खाण्याच्या झाडाला वापरायचीच नाही, फुलझाडालाही नको, कारण तिची धूळ घरात येते आणि रांगणारे पोर ती तोंडात घालते. नाल्याच्या गाळाचेही तेच. "गाळात झाड जोमाने येते" असे म्हणतात, ते येतेही. पण त्याच गाळात साऱ्या वस्तीची मोरी आणि संडास उतरलेला असतो, आणि त्यात लावलेली कोथिंबीर आपण कच्चीच चिरून वरून भुरभुरतो. त्यापेक्षा नर्सरीतून एक पोते लाल माती विकत आणावी, चार घरांनी मिळून.

कुठलीही माती आली तरी पहिले काम तिच्यात हात घालणे नव्हे. ती ताडपत्रीवर पातळ पसरावी आणि दाताळ्याने किंवा काठीने उलथावी. काच, खिळे, दाढीची पाती, आणि हल्ली इन्सुलिनच्या सुया, यांतले काहीही निघू शकते. भंगार वेचणारे दोरीला चुंबक बांधून फिरवतात, तेच मातीवरून फिरवले तर खिळे आणि पाती वर येतात. काच त्याने येत नाही, म्हणून त्यानंतर चाळण. मोजे चढवूनसुद्धा आधी चाळणच, कारण सुई कुठलाही मोजा आरपार भेदते.

आता धनुर्वाताविषयी जरा सविस्तर बोलू, कारण आम्ही वॉर्डात नोकरी केलेली माणसे, हा आजार पाहिला की विसरता येत नाही. धनुर्वाताच्या रोग्याची खोली अंधारी ठेवतात. दार हळू लावतात, भांडे वाजू देत नाहीत, कारण एवढ्या आवाजानेही त्याचे अंग धनुष्यासारखे ताणले जाते. तो शुद्धीत असतो, सगळे त्याला कळत असते. सुरुवात बहुधा जबड्यापासून होते, तोंड उघडत नाही. आणि हे जखम झाल्यावर लगेच होत नाही. तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकते, तोवर बोटाला टोचलेला खिळा घरच्यांच्या लक्षातही नसतो.

या रोगाचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात राहतात. परिस्थिती वाईट असली की ते स्वतःभोवती जाड कवच करून बीजाणू म्हणून पडून राहतात, वर्षानुवर्षे. त्यांना नुसते उकळले तरी सगळे मरत नाहीत. म्हणून रुग्णालयात अवजारे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करतात. माती आणि शेणखत कालवायचे म्हणजे या बीजाणूंत हात घालायचा, हे धरूनच चालावे. खोल, बारीक टोचलेली जखम त्यांना सर्वांत सोयीची, कारण आत हवा पोचत नाही. भळभळ रक्त आलेल्या जखमेला आपण घाबरतो आणि खुरप्याचे टोक लागले तर बोट तोंडात घालून पुढचे काम करतो. घाबरायचे ते या दुसऱ्या जखमेला.

मातीतून हा जंतू काढता येत नाही, तेव्हा बंदोबस्त शरीरातच करावा लागतो. तो लसीने होतो आणि सरकारी दवाखान्यात फुकट होतो. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. त्यामागे गरोदर बायांना दिलेली लस आणि स्वच्छ बाळंतपणे होती. आपल्या आशाताई आणि नर्सबाई यांचे ते काम. पण त्याच बाईचे पुढे काय होते ते बघा. शेवटच्या बाळंतपणात इंजेक्शन घेतले, त्याला आज वीस वर्षे झाली. आता ती पंचेचाळिशीची आहे, रोज शेणखतात हात घालते, आणि तिला कुणी बोलावत नाही. पुरुषांचे त्याहून वाईट. शाळेत दहाव्या आणि सोळाव्या वर्षी लस असते, पण पोरगा आधीच शाळा सोडून कामाला लागला असेल तर तीही हुकते, आणि त्यानंतर डोके फुटून दवाखान्यात जाईपर्यंत त्याला सुई लागत नाही.

आता जे इंजेक्शन मिळते ते टीडी. त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस असते. दर दहा वर्षांनी एक डोस घ्यायचा. आयुष्यात कधीच घेतली नसेल, किंवा घेतल्याचे आठवतच नसेल, तर दोन डोस महिन्याच्या अंतराने आणि तिसरा सहा महिने ते वर्षाच्या आत. मळलेली जखम झाली आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा एक. आधीचे डोस पूर्ण नसतील तर डॉक्टर वेगळे, तयार प्रतिकारद्रव्याचे इंजेक्शनही देतात, म्हणून आधीची माहिती खरी सांगावी. तारीख पाठ राहत नाही. रेशनकार्डाच्या पिशवीत एका कागदावर घरातल्या प्रत्येकाची लिहून ठेवा.

जखम झाली की वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच-दहा मिनिटे धुवायची. हळद, चुना, तंबाखू, चहाची पूड, शेण, यांतले काहीही लावायचे नाही. हे सांगितले की म्हातारी माणसे रागावतात. "आम्ही जन्मभर उघड्या हाताने शेण कालवले, काय झाले?" आम्ही त्यांच्याशी वाद घालत नाही. ज्यांना झाले ते सांगायला उरले नाहीत, एवढेच मनात म्हणतो आणि साबण पुढे करतो.

शेण, गाळ, घाण यांना हात लावायचे काम पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या वाट्याला टाकले गेले ते या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. म्हणून "मातीत हात घालायला कसली लाज?" हे वाक्य मुकादमाच्या तोंडून ऐकले की आम्ही सावध होतो. लाज नाहीच. पण लाज नाही म्हणून मोजेही नाहीत, हे कुठले गणित?

हातांनंतर छाती. कोकोपीटच्या कोरड्या विटा फोडताना, गांडूळखताची पोती उपडी करताना, वाळलेले शेणखत चाळताना जो धुरळा उडतो त्यात बुरशीचे बीजाणू असतात, खताची पूड असते, कधी उंदराच्या मुताचा अंश असतो. दमेकऱ्याला तो लगेच कळतो. ज्यांना पूर्वी टीबी होऊन गेला आहे त्यांची फुप्फुसे आधीच जखमी असतात, त्यांनी चाळणीच्या कामाला बसूच नये, असे आमचे मत आहे. भरण्याचे ओले काम त्यांना द्यावे. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकाच्या शेवटी डॉक्टरांच्या लक्षात आले की न्यूमोनियाचा एक प्रकार कुंड्यांच्या तयार मिश्रणातून होतो आहे. लिजिओनेला जातीचा जंतू, पोते उघडताना उडालेल्या धुळीतून आणि थेंबांतून छातीत जाणारा. आज ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अशा पोत्यांवर धोक्याची सूचना छापलेली असते: हळू उघडा, ओले करा, मास्क लावा, हात धुवा. आपल्या बाजारात मिळणाऱ्या पोत्यांवर अशी सूचना आम्ही पाहिलेली नाही. छापायला किती खर्च येतो?

यावरचा उपाय स्वस्त आहे. पोते फाडायचे नाही, कात्रीने एक कोपरा कापायचा, तोंड लांब ठेवायचे, आणि ओतण्याआधी आत पाणी शिंपडायचे. कोकोपीटची वीट फोडायचीच नाही. घमेल्यात ठेवून पाणी ओतले की ती आपोआप फुगते आणि सुटी होते. ते पहिले पाणी ओतून द्यावे, कारण त्यात मीठ असते आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाही. म्हणजे जे बाईच्या छातीला चांगले तेच रोपालाही चांगले. मिश्रण नेहमी ओलसर असतानाच कालवावे, खोलीत नाही, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. पदर तोंडावर घेतल्याने जाडी धूळ थोडी अडते, बारीक नाही. एन-९५ मास्क मिळाला तर तो लावावा.

आता माती निर्जंतुक करण्याचा भाग, कारण खरा गोंधळ इथेच आहे. बी पेरल्यावर कोवळे रोप बुंध्याशी काळे पडून कोलमडते. ही मर मातीतल्या बुरशीमुळे येते. ती टाळायला माती तापवतात. ओली माती साठ अंश सेल्सिअसला अर्धा तास राहिली तर रोपांना मारणाऱ्या बहुतेक बुरश्या मरतात, ऐंशीच्या थोडे वर गेली तर तणाचे बीही मरते. त्याहून जास्त भाजली तर उलट रोपाला विषारी होते. हे सगळे रोपाच्या रोगांविषयी झाले. पण मोठा समज असा आहे की माती "स्टरलाइज" केली म्हणजे हात घालायला सुरक्षित झाली. तसे होत नाही. धनुर्वाताचा बीजाणू साठ अंशांना काय, शंभरालाही चिवटपणे टिकतो. तापवलेल्या मातीतही मोजे लागतातच.

घरी माती स्टोव्हवर किंवा गॅसवर, जेवणाच्या पातेल्यात तापवू नका. लहान खोलीत तो वास आणि वाफ कोंडते, आणि भांडे कायमचे वाया जाते. ऊन आपल्याकडे फुकट आहे. एप्रिल-मे महिन्यांत माती ओली करून पातळ थरात पसरायची, वर पारदर्शक प्लास्टिक घालून कडा मातीने बंद करायच्या आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवायची. काळे प्लास्टिक नको, पारदर्शकच हवे, कारण त्यातून ऊन आत जाऊन माती तापते. पत्र्याच्या छपरावर मात्र हा उद्योग करू नका. ओली माती किती जड असते ते पत्रा वाकल्यावर कळते. विहाराच्या आवारात एक कोपरा मिळाला तर सगळ्या वस्तीची माती एकत्र होईल.

नर्सऱ्यांत मात्र उन्हाची वाट बघायला वेळ नसतो. तिथे काही ठिकाणी फॉर्मालिन ओततात. ज्यांनी ऑपरेशन थिएटरच्या धुरीचे किंवा पॅथॉलॉजीच्या बरण्यांचे काम केले आहे त्यांना हा वास नाकात बसलेला असतो. आम्हालाही. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, श्वास अडकतो. फॉर्मालिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्माल्डिहाइड वायू, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत ठेवले. माती भिजवतात, प्लास्टिकने झाकतात, आणि काही दिवसांनी ते प्लास्टिक उचलायला कुणाला पाठवतात? रोजंदारीच्या बाईला, तोंडाला ओढणी बांधून. ओढणीने वायू अडत नाही. रोपवाटिकेसाठी फॉर्मालिनची गरजच नाही असे आम्ही ठामपणे म्हणतो. ऊन आहे, वाफ आहे, ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी खतात मिसळता येते.

तसेच दाणेदार विषाचे. हुमणी आणि वाळवीसाठी मिश्रणात मूठ-मूठ टाकले जाणारे फोरेट, ज्याला गावोगाव थिमेट म्हणतात, ते केंद्र सरकारच्या २०१८च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून देशात पूर्ण बंद आहे. जुन्या साठ्यातले कुणी आजही हातात देत असेल तर ते घेऊ नका. कुठल्याही कीटकनाशकाचा रिकामा डबा कुंडी म्हणून घरी आणू नका, कितीही धुतला तरी. जुन्या ऑइलपेंटचा डबाही नको. रंगात शिसे ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचे पोपडे डब्याला चिकटलेले असतात.

फांदीपासून रोप करायचे असेल तर काम सोपे आहे, धोकाही कमी. मोगरा, जास्वंद, गुलाबाची कलमे मुळे फुटेपर्यंत खत मागत नाहीत. नुसती धुतलेली वाळू, किंवा वाळू आणि कोकोपीट निम्मे-निम्मे, एवढे पुरते. शेणखत घातले तर फांदी उलट कुजते. गुटी कलमाला वरून शेवाळ, म्हणजे स्फॅग्नम मॉस, बांधतात. त्या शेवाळात आणि गुलाबाच्या काट्यावर एक बुरशी असू शकते जी बारीक खरचटल्यातून कातडीखाली शिरते आणि हातावर ओळीने गाठी आणते. अमेरिकेत १९८८ साली वनरोपांना गुंडाळलेल्या अशा शेवाळातून १५ राज्यांत ८४ जणांना हा आजार झाला. गाठी दुखत नाहीत, म्हणून लोक महिनोन्‌महिने मलम लावत बसतात. शेवाळ भिजवायला आणि बांधायला मोजे घालायचे, बाह्या मनगटापर्यंत ओढायच्या.

पायांविषयी थोडे. अनवाणी काम करू नका. आकडेकृमी पायाच्या कातडीतून शिरतो, आतड्यात जाऊन रक्त पितो, आणि आपल्या बायांचे हिमोग्लोबिन आधीच तळाला असते. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला मुलांना जंतनाशक गोळी मिळते, मोठ्यांना कुणी देत नाही. मातीचे काम करणाऱ्यांनी ती दवाखान्यात मागून घ्यावी. गरोदर बाईने मांजरांनी घाण केलेल्या मातीत अजिबात हात घालू नये, त्यातून गर्भाला इजा करणारा संसर्ग होऊ शकतो. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून, ताटलीच्या कडा घासून धुवा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहतात आणि पाणी लागले की फुटतात.

आता पैशाचे. पिशव्या बहुतेक ठिकाणी उक्त्याने भरून घेतात, हजारामागे अमुक. मोजे घातले की पिशवीचे तोंड पटकन उघडत नाही, हात मंदावतो, दिवसाच्या पिशव्या कमी होतात, मजुरी कमी होते. म्हणून मालकाने मोजे दिले तरी बाया ते काढून ठेवतात, आणि मग मालक म्हणतो, "आम्ही देतो हो, याच वापरत नाहीत." दोष बाईच्या अक्कलेचा नाही, दराचा आहे. हात धुवायला पाच मिनिटे उठले तरी पिशव्या बुडतात. दर ठरवतानाच मोजे घालून किती पिशव्या होतात ते मोजून दर ठरवला पाहिजे. शिवाय दवाखान्यातले पातळ मोजे देऊन भागत नाही, ते पहिल्या घमेल्यातच फाटतात. रबराचा थर दिलेले सुती मोजे लागतात, ते धुऊन पुन्हा वापरता येतात. २००५च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी लिहिली गेली, ती कुणी मेहरबानीने लिहिली नव्हती. खासगी नर्सरीच्या मालकाकडेही साबण, पाणी, मोजे, बूट मागायचे, आणि एकटीने मागायचे नाही. एकटीला उद्या येऊ नको म्हणतात. बचत गटाच्या दहा जणींनी हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे दर ठरायच्या दिवशीच, एकदम मागायचे. त्या वेळी मालकाला माणसे हवी असतात.

आणि ताप आला तर डॉक्टरला न विचारताच सांगायचे, "मी माती कालवायचे काम करते." मधुमेह असलेल्यांनी तर नक्कीच. पावसाळ्यात ओल्या मातीतून होणारा मेलिऑइडोसिस नावाचा एक आजार कर्नाटकच्या किनारपट्टीवर बराच आढळतो. तो मधुमेह्यांना जास्त धरतो आणि छातीच्या फोटोत हुबेहूब टीबीसारखा दिसतो. टीबीची औषधे सुरू होतात, गुण येत नाही, आणि रक्ताचे कल्चर करायचे कुणाला सुचत नाही. केसपेपरवर धंद्याच्या रकान्यात "घरकाम" लिहू लागले तर थांबवा आणि "नर्सरीत मातीकाम" असे लिहून घ्या.